हळद, मटकी आणि विज्ञान जत्रेचे पंधरा दिवस

प्रश्न असा आला आहे: "मुलगी तिसरीत आहे. शाळेत 28 फेब्रुवारीला विज्ञान जत्रा आहे, हातात पंधरा दिवस आहेत. घरातल्या वस्तूंतून होईल असा सोपा प्रयोग सुचवा. आम्ही दोघं नोकरी करतो, दोघांचाही विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटला. मागच्या वर्षी ज्वालामुखी केला होता, पण तो सगळ्यांचाच होता."

ताई, मी सत्तावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं प्रदर्शनांत परीक्षक म्हणून एकेका टेबलापुढे उभी राहिले. त्यामुळे ‘तो सगळ्यांचाच होता’ हे वाचलं आणि आजवर पाहिलेले सगळे ज्वालामुखी एकदम डोळ्यांसमोर आले. पुठ्ठ्याचा नाहीतर थर्मोकोलचा डोंगर, त्यावर लाल रंग, आत खायचा सोडा, वरून व्हिनेगर. फसफसून फेस आला की टाळ्या. मग मी पोराला विचारायचे, "सोडा दुप्पट घातला तर फेस दुप्पट येईल का रे?" पोरगं आईकडे बघायचं आणि आई चार्टकडे.

माझं सगळं सांगणं याच प्रसंगातून निघतं. तिसरीच्या मुलीकडे एक छोटासा प्रश्न हवा आणि त्याचं उत्तर तिने स्वतःच्या हातांनी, तीन-चारदा करून काढलेलं हवं. मग ती आईकडे बघत नाही. समोर कुणीही येऊ दे, धडाधडा सांगते. वस्तू काय वापरल्या, टेबल किती सजवलं, हे सगळं त्याच्या नंतर.

28 फेब्रुवारीला ही जत्रा का भरते तेही तिला जरूर सांगा, कारण तिथेही गोष्ट एका साध्या प्रश्नापासूनच सुरू होते. 1921 साली सी. व्ही. रामन बोटीने प्रवास करत असताना भूमध्य समुद्राच्या निळ्या रंगाने त्यांना वेड लावलं. तेव्हा समज असा होता की आकाशाचा निळा रंग पाण्यात दिसतो म्हणून समुद्र निळा. रामन यांनी जवळच्या छोट्या निकोल प्रिझममधून पाहून पृष्ठभागावरचं आकाशाचं प्रतिबिंब बाजूला काढलं, तरी पाणी निळंच दिसलं. तिथून सात वर्षांनी, 28 फेब्रुवारी 1928 ला, कोलकात्यात रामन परिणाम हाती आला, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाचा थोडा भाग आपला रंग बदलतो हे कळलं, आणि 1930 मध्ये नोबेल मिळालं. म्हणूनच हा दिवस विज्ञान दिन. समुद्र निळा का, हे तिसरीतली पोरही विचारते. फरक इतकाच की रामन यांनी ऐकीव उत्तरावर भागवलं नाही, स्वतः पाहिलं.

आता मुद्द्यावर येते. तुमच्या घरासाठी मी हळद निवडेन.

पांढऱ्या शर्टावर आमटीचा पिवळा डाग पडतो, आपण साबण लावतो आणि डाग एकदम लाल होतो. हे तुमच्या लेकीने शंभरदा पाहिलं असेल. पाण्याने भरपूर खळबळलं की पुन्हा पिवळा. मोरीतल्या याच गोष्टीवरून प्रश्न तयार होतो: सगळे साबण हळदीला लाल करतात का?

उत्तर तुम्हाला लगेच ‘हो’ वाटेल, मलाही पूर्वी वाटायचं. घरातले साबण एकदा गोळा करून बघा. अंगाचा साबण, कपड्यांची वडी, धुण्याची पावडर, भांड्यांची वडी, भांड्यांचा पातळ साबण, हात धुवायचं लिक्विड, शाम्पू, घरात असेल तर बाळाचा साबण. आठ नमुने तर नहाणीघर आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरच निघाले. यातला अंगाचा नेहमीचा साबण हळदीला लाल करेल, धुण्याची पावडर तर गडद विटकरी करेल. पण शाम्पू बहुतेक वेळा हळदीला पिवळीच ठेवतो. हात धुवायच्या लिक्विडचं काय होईल ते मी सांगत नाही. ते ब्रँडवर ठरतं आणि तुमच्या घरचं उत्तर तुमच्या लेकीलाच काढायचं आहे. मला या प्रयोगाची गोडी त्यामुळेच आहे. शेजारच्या टेबलावर कुणी हाच प्रयोग मांडला, तरी त्याच्या घरचे साबण वेगळे, म्हणून त्याचा तक्ताही वेगळा.

हळदीचे कागद असे करा. चहाचे दोन चमचे हळद पाव वाटी पाण्यात कालवा. हळदीतला रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तो तळाशी बसतो. त्यामुळे नुसत्या पाण्यातला कागद ठिपक्याठिपक्यांचा होतो. चालतो, पण त्याहून चांगला कागद हवा असेल तर पाण्याऐवजी हाताला लावायचं पातळ सॅनिटायझर घ्या. त्यातल्या अल्कोहोलमध्ये हळदीचा रंग सुरेख उतरतो. हे काम मात्र मोठ्या माणसाने करायचं, गॅस बंद ठेवून आणि खिडकी उघडून, कारण सॅनिटायझर पेट घेतं. दहा मिनिटांनी वरचं पिवळं पाणी ताटलीत ओता. टिपकागद किंवा जाड, न चकाकणारा पांढरा कागद त्यात बुडवून सावलीत वाळवा. कागद मिळाला नाही तर जुन्या सुती पंचाचे तुकडेही छान चालतात. वाळले की बोटाच्या रुंदीच्या पट्ट्या कापा. चाळीस-पन्नास पट्ट्या लागतील. जास्तच करून ठेवा.

साबणाची पाणी करताना सगळ्यांना सारखा नियम लावायचा. एक चमचा साबण (वडी असेल तर किसून) आणि चार चमचे पाणी, सगळीकडे तेवढंच. वाट्या वेगळ्या, चमचा प्रत्येक वेळी धुतलेला. आणि एका वाटीत नुसतं पाणी. ही वाटी मुलं हमखास विसरतात, पण ती फार महत्त्वाची असते. पट्टी ओली झाली की थोडी गडद दिसतेच. ते ओलेपणामुळे की साबणामुळे, हे नुसत्या पाण्याच्या पट्टीशी ताडून पाहिल्याशिवाय कळत नाही. तिसरीतल्या मुलीला ‘नियंत्रित प्रयोग’ हे शब्द नकोत. "ही पाण्याची पट्टी, बाकीच्या मी हिच्याशी जुळवून बघितल्या," एवढं ती म्हणाली की परीक्षकाला सगळं पोचतं.

मग कानाच्या कापूसकाडीने प्रत्येक पाण्याचा एकेक थेंब पट्टीवर, एक मिनिट थांबायचं, रंग बघायचा. पण त्याच्याही आधी वहीत दोन रकाने आखून घ्या: ‘मला काय वाटतं’ आणि ‘काय झालं’. पहिला रकाना थेंब टाकायच्या आधी भरायचा, आणि नंतर खोडायचा नाही. मुलांना चुकलेलं खोडायची फार घाई असते. एका वर्षी माझ्या वर्गातल्या एका मुलीने शाम्पूपुढे ‘लाल’ लिहिलं होतं, पट्टी पिवळीच राहिली. तिला वाटलं हात चुकला. तिने पुन्हा केलं, मग घरून दुसरा शाम्पू आणला, मग मैत्रिणीच्या घरचा तिसरा. तिन्ही वेळा पिवळी. चौथ्या दिवशी ती मला येऊन म्हणाली, "बाई, शाम्पू साबणासारखा फेस करतो पण तो साबण नाहीये." कुठल्याही पुस्तकातलं वाक्य तिने पाठ केलं नव्हतं. खोडलेला रकाना असता तर ती तिथवर गेलीच नसती.

प्रत्येक साबणाच्या तीन पट्ट्या करा. तिन्हींचा रंग सारखा आला तर विश्वास ठेवायचा, एक वेगळी आली तर का ते शोधायचं. वाळलेल्या पट्ट्या वहीत चिकटवून खाली नाव लिहायचं. हीच वही जत्रेत टेबलावर ठेवायची. डाग, सुरकुतलेली पानं, खाडाखोड, सगळ्यासकट. मी परीक्षक असताना टेबलावर आधी वही शोधायचे.

आता कारण. हळदीत कुर्कुमिन नावाचा पिवळा पदार्थ असतो. साबण, धुण्याचा सोडा, पानाचा चुना, पापडखार हे पदार्थ आम्लारी गटातले. त्यांच्या पाण्यात कुर्कुमिनचा रंग लालसर होतो. अशा रंग बदलून ओळख पटवणाऱ्या पदार्थाला दर्शक म्हणतात. तिसरीला ‘दर्शक’ हा एक शब्द पुरे, तोही तिला आवडला तर. लाल झालेल्या पट्टीवर लिंबाचा थेंब टाकला की ती परत पिवळी होते. हा भाग येणाऱ्या प्रत्येकाला हाताने करू द्या, जत्रेत रांग लागते.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती मोठ्यांनाही चकवते. लिंबू, चिंचेचं पाणी, ताक, साधं पाणी, सगळ्यांत हळद पिवळीच राहते. म्हणजे पट्टी पिवळी राहिली याचा अर्थ पदार्थ आंबट आहे असा होत नाही. हळदीला फक्त साबणाच्या जातीचे पदार्थ ओळखता येतात, आंबट आणि साधं यांतला फरक तिला कळत नाही. तुमच्या लेकीने हे स्वतःहून पकडलं तर पुढचं पाऊल जास्वंदीचं. दहा-बारा लाल पाकळ्या गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा. जांभळट लाल अर्क निघेल. त्यात लिंबू पिळलं की झकास गुलाबी-लाल, खायचा सोडा घातला की हिरवट. हा अर्क दोन्ही बाजूंनी बोलतो. दारात गोकर्ण असेल तर त्याची निळी फुलंही घ्या, लिंबाने ती जांभळी होतात. पण हे सगळं हळद पुरती झाल्यावर. एका टेबलावर तीन प्रयोग मांडले की मुलीचं लक्ष तिन्हीकडून उडतं.

हळदीत तिचं मन रमलं नाही, तर मटकी घ्या. पंधरा दिवसांत हा प्रयोग दोनदा करून होतो.

प्रश्न असा: मोड यायला काय काय लागतं? बहुतेक मुलं सांगतात पाणी, हवा आणि ऊन. झाडाला ऊन लागतं हे त्यांनी शिकलेलं असतं, म्हणून ती बीलाही ऊन लावतात. पाच वाट्या घ्या, प्रत्येकीत मोजून वीस दाणे. मोजायचे नक्की, कारण शेवटी ‘विसातल्या किती दाण्यांना मोड आले’ हेच तुमचं उत्तर आहे. एका वाटीत कोरडे दाणे. बाकी चार वाट्यांतले दाणे रात्रभर भिजवलेले. त्यांतली एक वाटी ओल्या फडक्यात, खिडकीजवळच्या उजेडात. एक ओल्या फडक्यात, पण कपाटाच्या अंधारात. एक ओल्या फडक्यात, फ्रिजमध्ये. आणि पाचवीतले दाणे वाटीभर पाण्यात बुडालेलेच ठेवायचे, ते पाणी बदलायचं नाही.

कपाटातल्या मटकीला उजेडातल्याइतकेच झकास मोड येतात. मुलं हे बघून खरोखर थबकतात. आपल्या आज्या मटकी घट्ट फडक्यात बांधून डब्यात घालून ठेवायच्या, तिथे कुठलं ऊन? बीमध्ये पहिल्या काही दिवसांची शिदोरी भरलेली असते. पानं फुटून स्वतःचं अन्न करायची वेळ आली की मग उजेड लागतो. फ्रिजमधली मटकी थंडीने सुस्तावते, फार हळू चालते. आणि बुडालेली? तिला पाणी भरपूर, पण श्वासाला हवा पुरत नाही. दोन दिवसांत वास येऊ लागतो. तो वासही वहीत लिहायचा. ‘घाण वास’ असं लिहिलेलं मला चालतं. दाणे मात्र हाताळून झाले की हात धुवायचे, आणि या पाच वाट्यांतली मटकी उसळीत टाकायची नाही.

एक इशारा: फेब्रुवारीत रात्री अजून गार असतात, विशेषतः नाशिक-पुण्याकडे आणि विदर्भात. मोड यायला एकाऐवजी दोन दिवस लागले तर घाबरू नका. पहिली फेरी आजच लावा, दुसरी चार दिवसांनी. दोन फेऱ्यांत आकडे थोडे वेगळे येतील. समजा पहिल्या वेळी अठरा आले, दुसऱ्या वेळी सोळा, तर दोन्ही लिहा. मुलीला वाटेल काहीतरी चुकलं. सांगा तिला, सगळेच दाणे सारखे नसतात, म्हणून तर वीस घेतले, एकच नाही घेतला.

आणि तुमचा मागच्या वर्षीचा ज्वालामुखी? तो टाकून द्यायचीही गरज नाही, त्याला डोंगराऐवजी फुगा द्या. एक लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत 100 मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. फुग्यात कागदाच्या नरसाळ्याने खायचा सोडा भरायचा, फुगा बाटलीच्या तोंडावर ताणून बसवायचा आणि मग उचलून सोडा आत पाडायचा. कार्बन डायऑक्साइडने फुगा फुगतो. दोऱ्याने त्याचा घेर मोजा, दोरा पट्टीवर ठेवून आकडा लिहा. अर्धा चमचा, एक, दीड, दोन, तीन, दरवेळी नवं व्हिनेगर आणि त्याच मापाचा फुगा. फुगा वाढत जातो आणि दीड-दोन चमच्यांच्या आसपास कुठेतरी वाढायचा थांबतो, कारण व्हिनेगरमधलं आम्ल संपलेलं असतं. मग बाटलीत थोडं नवं व्हिनेगर ओतून बघा, पुन्हा फसफसतं. परीक्षकाच्या ‘दुप्पट घातला तर’ या प्रश्नाचं उत्तर आता तिच्याकडे आकड्यांत आहे. फुगे एक-दोन दिवस आधी फुगवून सैल करून घ्या, नवा फुगा फार ताठ असतो.

आता एका प्रयोगाबद्दल जरा थांबून बोलते, कारण तो दर वर्षी दिसतो आणि दर वर्षी चुकीचा सांगितला जातो. ताटलीत पाणी, मध्ये पेटती मेणबत्ती, वरून काचेचा पेला उपडा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात वर चढतं. चार्टवर लिहिलेलं असतं: ‘मेणबत्तीने ऑक्सिजन संपवला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेत 21 टक्के ऑक्सिजन असतो हे सिद्ध झालं.’ सुरुवातीची काही वर्षं मीही असंच शिकवलं. मग एका पोराने वर्गात विचारलं, "बाई, ऑक्सिजन हळूहळू संपतो ना, मग पाणी विझल्यावर एकदम का चढतं?" मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. घरी जाऊन प्रयोग पुन्हा केला, शांतपणे, पेल्याच्या कडेला डोळे लावून.

त्याचं निरीक्षण बरोबर होतं. ज्योत असेपर्यंत पाणी जवळजवळ हलत नाही. पेला ठेवताना कडेतून बुडबुडे बाहेर पडतात. म्हणजे ज्योतीने आतली हवा तापली, फुगली आणि थोडी निसटून गेली. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते, आतला दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. खात्री करायची असेल तर एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, फक्त तो जळायला पुरेसा नसतो. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला वर्गापुढे उभं करून सांगितलं की तुझ्यामुळे मला माझी चूक सापडली. तुमच्या लेकीच्या बाईंनीही हा प्रयोग जुन्या पद्धतीने सांगितला असेल, तर त्यांना दोष देऊ नका, तो बऱ्याच ठिकाणी तसाच छापलेला आहे. तीन मेणबत्त्या मात्र लावून दाखवा.

तिसरीच्या मुलीच्या टेबलावर ज्योत मात्र मला नको वाटते. गर्दी, ओढण्या, कागदी पताका आणि पंखे असतात तिथे. तीच गोष्ट गरम पाण्याने सांगता येते. पातळ प्लॅस्टिकची रिकामी बाटली, त्यात मोठ्याने सोसवेल इतकं गरम पाणी घालायचं, हलवायचं, ओतून टाकायचं आणि झाकण लगेच घट्ट लावायचं. गार पाण्याच्या घमेल्यात धरली की बाटली कडकड आवाज करत चपटी होते. हवा गार झाली, आक्रसली, बाहेरच्या हवेने दाबलं. तिला हातातच कळतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. निशिगंधाची दांडी तिरपी कापून निळ्या खाण्याच्या रंगात ठेवली की एका दिवसात फुलं निळसर होतात. लहान भावंडांसाठी छान, पण त्यात मोजायला फारसं काही नाही, फार तर किती तासांनी रंग आला ते. सोडावॉटरच्या पेल्यात बेदाणे टाकले की ते बुडबुड्यांवर बसून वर येतात आणि बुडबुडे फुटले की खाली जातात. सुंदर दिसतं, पण सोडा दहा-पंधरा मिनिटांत मरगळतो, जत्रेच्या दोन-तीन तासांना पुरत नाही. दुधात रंगाचे थेंब आणि साबण, हा व्हिडिओंतला लाडका प्रयोग. बघायला गोड, पण पृष्ठताण तिसरीच्या मुलीकडून वदवून घेणं म्हणजे पाठांतर. काळ्या स्केचपेनचा ठिपका टिपकागदावर काढून कागदाचं टोक पाण्यात बुडवायचं, काळ्यातून निळा, गुलाबी, पिवळा वेगळे होतात. हा मला आवडतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या काळ्या पेनांत वेगवेगळे रंग निघतात, आणि तो लगेच प्रश्न होतो. लिंबाची बॅटरी पाचवी-सहावीपर्यंत राहू द्या. एका लिंबावर तांबं आणि जस्त लावून एक व्होल्टहून थोडं कमीच मिळतं, लाल एलईडी मिणमिणायलाही तीन-चार लिंबं ओळीने जोडावी लागतात, आणि वीज मुळात जस्त झिजण्यातून येते हे तिला पेलणार नाही. ती लिंबं नंतर सरबताला वापरू नका.

सामान घरचंच, म्हणून सगळंच निर्धोक असतं असं नाही. पानाचा चुना डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते, त्यामुळे हळदीच्या प्रयोगात चुन्याचा थेंब मोठ्यानेच टाकायचा किंवा चुना घ्यायचाच नाही. संडास साफ करायचं ॲसिड, नाली मोकळी करायची पावडर आणि कपड्यांचं ब्लीच हे तिन्ही या प्रयोगातून बाहेर. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो, तो छातीत भरला तर जिवावर बेततं. भिंतीतल्या प्लगची वीज कुठल्याच प्रयोगात नको, लागलीच तर घड्याळातला 1.5 व्होल्टचा सेल.

सजावटीचं सांगायचं तर थर्मोकोल आणू नका. राज्यात 2018 पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे, आणि नसती तरी मी नकोच म्हटलं असतं. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. तिथे अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी उभी केली, आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ, जुनी वर्तमानपत्रं एवढ्यावर. मी मुलांना घेऊन गेले होते तेव्हा पोरांनी पहिल्यांदा वस्तू मोडून बघितल्या, मग पुन्हा जोडल्या. त्यांच्या खेळण्यांचे मराठी व्हिडिओ आणि पुस्तकं इंटरनेटवर मोफत आहेत. पुण्याच्या आसपास असाल तर सुट्टीत लेकीला शोधिका दाखवा. मुंबईत असाल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र आहे, तिथे वस्तूंना हात लावता येतो.

टेबलावर एकच चार्ट ठेवा, तोही तिच्या हस्ताक्षरात. वर तिचा प्रश्न, खाली पट्ट्या किंवा आकडे, त्याखाली ‘मला काय कळलं’ आणि ‘मला अजून काय कळलं नाही’. ही शेवटची ओळ भरायला मुलं घाबरतात, पण परीक्षक तिथेच रेंगाळतात. इंग्रजी शाळा असेल तर चार्ट इंग्रजीत लिहू दे, पण बोलताना ती ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत बोलू दे. बाईंना आधी विचारून ठेवा, बहुतेक जणी हो म्हणतात. भाषण पाठ करून घेऊ नका. त्याऐवजी आजी, शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरचा दादा यांना एकेक करून बोलवा आणि तिला प्रयोग करून दाखवायला लावा. चार जणांना दाखवला की तिची वाक्यं आपोआप जमतात. कुणीतरी तिला न येणारं काहीतरी विचारेलच. तेव्हा "माहीत नाही, पण असं करून बघता येईल" हे उत्तर तिला द्यायला शिकवा. आणि जत्रेच्या दिवशी तुम्ही टेबलापासून चार पावलं लांब उभ्या राहा.

पिशवीत काय न्यायचं ते: जास्तीच्या पट्ट्या, दोन लिंबं, कापूसकाड्या, फडकी, पाण्याची बाटली, कचऱ्याला एक डबा. पंख्याखालची जागा मिळाली तर पट्ट्यांवर वजन ठेवा, नाहीतर पहिल्या अर्ध्या तासात सगळ्या उडतात. जास्वंदीचा अर्क करणार असाल तर आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवा, त्याहून जुना झाला की रंग मलूल होतो.

आणि हळद कालवताना ओट्यावर, कपड्यांवर सांडणारच. कपड्यावर सांडली तर साबणाने एकदा धुऊन, पिवळा डाग राहिलेला तसाच कपडा कडक उन्हात वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. तिला म्हणा, एक पट्टी उन्हात ठेव, एक कपाटात, आणि रोज संध्याकाळी दोन्ही शेजारी धरून बघ.